पहिल्यांदाच टँडम पॅराग्लायडिंग करायचं आहे आणि उंचीची भीती वाटते. बुकिंग करण्याआधी काय बघावं?

तुम्ही ठाण्यात राहता, जानेवारीत दोन दिवसांची जोडून सुट्टी आहे, कामशेतला जाऊन एकदा टँडम, म्हणजे पायलटच्या पुढे बसून, उडून बघायचंय, पण चौथ्या मजल्यावरून खाली बघितलं तरी पोटात गोळा येतो आणि घरचे ‘कशाला नसते उद्योग’ म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. धोका कितपत आहे आणि बुकिंग करताना काय विचारायचं, हे तुम्हाला हवंय.

मी कळव्याची. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात बाबांना घेऊन कामशेतला गेले होते. उडायची हौस बाबांची. ते तेव्हा ६३ वर्षांचे होते, नुकतेच आजारातून उठलेले वगैरे काही नाही, चांगले ठणठणीत. आयुष्यभर मध्य रेल्वेवर मोटरमन होते. ‘रुळावरून पुष्कळ फिरलो, आता एकदा रूळ सोडून बघू,’ असं म्हणायचे.

आधी एवढंच सांगते की पहिल्या खेपेला आम्ही उडलोच नाही.

पहाटे पाचला निघालो. ठाणे-बेलापूर रस्त्याने पनवेल, तिथून एक्स्प्रेस वे, लोणावळ्याला जुन्या हायवेवर उतरून कामशेत. साडेआठला टेकडीवर होतो. आमचा पायलट मावळातलाच, तिशीतला मुलगा. आला तसा तो आमच्याशी फारसं बोललाच नाही, विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघत उभा राहिला. मधूनच चिमूटभर वाळलेलं गवत उडवून बघायचा. दहाच्या सुमारास म्हणाला, ‘ताई, वारा मागून येतोय. दुपारी बघू.’ दुपारी वारा फिरला, पण झटके यायला लागले. विंडसॉक एकदम आडवा व्हायचा आणि लगेच पडायचा. चार वाजता त्याने सांगून टाकलं, ‘काका, आज नको.’

मी चिडले. सुट्टी काढलेली, गाडीभाडं भरलेलं, आणि समोर शेजारच्या टेकडीवरून एक ग्लायडर निघालेलं मला डोळ्यांनी दिसत होतं. ‘ते उडताहेत ना, मग आपण का नाही?’ असं मी त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, ‘ते एकटे आहेत ताई. माझ्यापुढे काका बसणार आहेत.’

परतताना गाडीत बाबा म्हणाले, ‘सिग्नल मिळाला नाही की डब्यातली माणसं चिडतात. मोटरमन चिडत नाही.’ मी तेव्हा गप्प बसले, पण तुम्हाला सांगण्यासारखी मुख्य गोष्ट माझ्याकडे हीच आहे. पायलट निवडताना तो किती उंच नेतो, व्हिडिओ किती छान काढतो हे बघू नका. तो ‘आज नाही’ म्हणू शकतो का, ते बघा.

वाऱ्याचं एवढं का, ते थोडं समजून घ्या, म्हणजे टेकडीवर ताटकळताना तुमचा जीव माझ्यासारखा वरखाली होणार नाही. पॅराग्लायडरला इंजिन नाही. टँडमचं पंख म्हणजे साधारण ४० चौरस मीटर कापड, आमच्या कळव्याच्या जुन्या वन-बीएचके एवढं. त्याला पुढच्या बाजूने तोंडं असतात, त्यांतून हवा आत शिरते आणि कापड फुगून पंखाचा आकार घेतं. म्हणून टेकऑफ कायम वाऱ्याच्या समोर तोंड करून. समोरचा वारा टेकडीवर आदळून वर चढतो, आणि त्या चढत्या हवेत ग्लायडर तरंगत राहतं. वारा मागून आला की सगळंच उलटं. टेकडी ओलांडून आलेली हवा पलीकडच्या उतारावर भोवरे खात खाली कोसळते. पायलट त्याला रोटर म्हणतात. नदीत मोठ्या दगडामागे पाणी कसं गरगरतं, तसंच ते. फक्त डोळ्यांना दिसत नाही.

जोरही मोजका लागतो. ताशी १० ते २० किलोमीटरचा, एकसारखा वारा टँडमला बरा. ग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर ते हवेत जागच्या जागी उभं राहतं, आणि त्याहून जास्त आला तर मागे, थेट त्या भोवऱ्यांच्या दिशेने ढकललं जातं. कडक दुपारी आणखी एक भर पडते. नांगरलेली शेतं आणि कातळ तापले की तिथून गरम हवेचे खांब उठतात, त्यांना थर्मल म्हणतात. पंख न हलवता गोल गोल वर चढणाऱ्या घारी तुम्ही येऊरला बघितल्या असतील, त्या थर्मलमध्येच असतात. कसलेला पायलट त्याच हवेत तासभर राहतो. नवख्या प्रवाशाला मात्र तिथे धक्के बसतात आणि मळमळतं. पहिल्या उड्डाणाला सकाळची किंवा उतरत्या दुपारची वेळ मागा.

आता धोक्याचं. घरच्यांची भीती खोटी नाही. या खेळात माणसं जखमी होतात, दगावतातही, आणि प्रवासी हार्नेसमधून निसटून पडल्याचे अपघात आपल्या देशात झालेले आहेत. म्हणून पायाचे पट्टे. प्रवाशाचा हार्नेस छातीला एक आणि दोन्ही मांड्यांना एकेक अशा पट्ट्यांनी बांधतात. छातीचा पट्टा डोळ्यांसमोर असतो, तो कुणी विसरत नाही. मांड्यांचे पट्टे कपड्यांत, वाकल्याशिवाय न दिसणारे. तेच राहून गेले तर पाय जमिनीवरून सुटताच माणूस खाली घसरतो. आमच्या पायलटने बाबांचे पट्टे स्वतः लावले, मग सोबतच्या मुलाला बोलावून पुन्हा तपासायला लावले, आणि मग बाबांनाच म्हणाला, ‘काका, तिन्ही बकलांना हात लावून मोठ्याने मोजा.’ बाबांनी एक, दोन, तीन असं मोजलं. तुमच्या पायलटने सांगितलं नाही तरी तुम्ही मोजा. तो हसला तरी मोजा. त्यानंतर तुमच्या हार्नेसच्या कड्या त्याच्या बाजूला अडकवल्या आणि त्या नीट बंद झाल्या, हेही बघा.

रिझर्व्ह पॅराशूट आहे का, ते शेवटचं कधी उघडून घडी केलं, हे फोनवरच विचारा. पण ‘आमच्याकडे रिझर्व्ह आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, कारण जमिनीच्या अगदी जवळ ते उघडायला वेळच मिळत नाही. खरी काळजी टेकऑफ आणि लँडिंगची. पायलटकडे टँडमचं वेगळं प्रमाणपत्र आहे का, तेही विचारा. एकट्याने उडता येणं आणि प्रवासी घेऊन उडणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची तरतूद आहे. तो नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. आणि एक प्रश्न नक्की विचारा: ‘वारा नसला तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख?’ यावर जो ‘आमच्याकडे रोजच उडतात हो’ म्हणेल, त्याच्याकडे मी तरी बाबांना पाठवणार नाही.

आम्ही दुसऱ्यांदा तीन आठवड्यांनी गेलो. या वेळी वारा समोरून, सायलीच्या वेलाची पानं हलावीत इतका हलका. बाबा आधी गेले. मी खाली बघत उभी होते आणि माझ्याच तळहातांना घाम आला होता.

मग माझा नंबर. टेकऑफला नक्की काय होतं ते नीट लिहिते, कारण आधी कुणी सांगितलं असतं तर मी कमी घाबरले असते. पंख तुमच्या मागे गवतावर पसरलेलं असतं. पायलट तुमच्या पाठीशी. तो ‘चला’ म्हणतो, तुम्ही दोन पावलं टाकता आणि एकदम कुणीतरी मागे खेचल्यासारखं होतं. कापड हवेने भरत असतं, त्याची ती ओढ. तिथे थांबायचं नाही. अंग पुढे झुकवून पावलं टाकत राहायची. पंख डोक्यावर आलं की ओढ सुटते, तो ‘पळा, पळा’ म्हणतो, आणि चार-पाच पावलांत पाय हवेतच चालत असतात. नवखे लोक हमखास एक चूक करतात. पाय सुटले असं वाटताच खाली बसतात, किंवा घाबरून उडी मारतात. मग पायलटच्या अंगावर दोघांचं वजन येतं आणि दोघेही गवतावर आपटतात. तो ‘बसा’ म्हणेपर्यंत पळत राहा, पायाखाली जमीन नसली तरी.

उंचीच्या भीतीबद्दल. मी चौदाव्या मजल्यावर राहते आणि बाल्कनीच्या कठड्याला टेकत नाही. वर गेल्यावर ती भीती मला शोधूनही सापडली नाही. बाल्कनीतून बघताना इमारतीची भिंत पायापासून थेट खाली उतरत जाते, नजर तिच्यावरून घसरते. हवेत तशी भिंत नाही, कडा नाही. खाली कापणी झालेली भाताची खाचरं होती, मावळातल्या त्या इंद्रायणी तांदळाची, पिवळट चौकोन आणि त्यांचे वेडेवाकडे बांध. आवाज फक्त वाऱ्याचा आणि पायलटच्या व्हेरिओचा. व्हेरिओ म्हणजे आपण चढतोय की उतरतोय ते सांगणारं छोटं यंत्र; चढताना ते चिमणीसारखं चिवचिवतं. पहिली दोन मिनिटं मी हार्नेसचे पट्टे घट्ट धरून होते. मग पायलट म्हणाला, ‘ताई, ते धरलं काय नि सोडलं काय, सारखंच आहे,’ आणि मी हात सोडले. तुमची भीती माझ्यासारखीच निघेल असं मी म्हणत नाही. पायलटला आधीच सांगून ठेवा, आणि ‘मला उतरायचंय’ म्हटलं की लगेच खाली घ्यायचं, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. गिरक्या नकोत हेही सांगा. लोकांना मजा यावी म्हणून काही पायलट न विचारता गोल गोल फिरवतात आणि तिथेच उलटी होते. खंडाळ्याच्या घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी हलकं खाऊन जावं, पण रिकाम्या पोटी अजिबात जाऊ नये.

किती वेळ हवेत राहाल, याचा हिशेब जाहिरातीत कुणी देत नाही, म्हणून मी देते. चढती हवा नसेल तर टँडम ग्लायडर सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास खाली येतं. टेकडी १५० मीटरची धरली तर दोन मिनिटांत तुम्ही शेतात. चांगला वारा असेल तर त्याच टेकडीवर पंधरा मिनिटंही तरंगता येतं. हिमाचलच्या बीर-बिलिंगला टेकऑफ आणि लँडिंगच्या उंचीत साधारण हजार मीटरचा फरक आहे, त्यामुळे तिथे नुसतं खाली यायलाच तेरा-चौदा मिनिटं लागतात. तिथे २०१५ मध्ये विश्वचषकाची फेरी झाली होती, जागा जगात नावाजलेली आहे. पण दोन दिवसांच्या सुट्टीत ठाण्याहून ते होणार नाही, आणि पहिल्या अनुभवाला कामशेतच्या बुटक्या, मऊ टेकड्या मला जास्त योग्य वाटतात. हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत. पावसाळ्यात कुणी ‘करून देतो’ म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

अलिबाग-नागाव किंवा मालवणच्या किनाऱ्यावर बोट नाहीतर जीप दोरीने ओढत नेते, ते पॅरासेलिंग. लोक त्यालाही पॅराग्लायडिंगच म्हणतात. ते वेगळं आहे, त्याचे धोकेही वेगळे, आणि माझा त्याचा अनुभव नाही.

गरोदर असाल, पाठीचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, हृदयाचा किंवा फिटचा त्रास असेल तर जाऊ नका. बाबांना मी आधी आमच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. वजन खरं सांगा, लाजून चार किलो कमी सांगू नका. किती मोठं पंख घ्यायचं आणि किती वारा चालेल, ते पायलट त्यावरून ठरवतो. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला. अपघात विम्याची पॉलिसी असेल तर ती वाचून बघा, अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात.

लँडिंगच्या वेळी पायलट ‘पाय सरळ, उभे राहा’ म्हणेल. वारा बरा असेल तर जिना उतरल्यासारखं एक पाऊल पडतं. माझं तसंच झालं. वारा अगदी पडलेला असेल तर मात्र चार पावलं पळावं लागतं. बाबा पळाले, आणि भाताच्या खुंटांत उभे राहून त्यांनी आधी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं, म्हणाले. ठाण्याहून मुलुंड, नाहूर करत भांडुप मागे पडलं असतं.

तुमच्या दोन दिवसांपैकी उड्डाण पहिल्या दिवशी ठेवा आणि दुसरा दिवस मोकळा राखा. पहिल्या दिवशी वारा मिळाला नाही तर संध्याकाळी परत निघू नका, कामशेतलाच राहा. पहिल्याच दिवशी उडून झालं तर दुसऱ्या सकाळी बेडशाची लेणी बघून घ्या, कामशेतहून जवळ आहेत. आणि ठाण्याहून निघायच्या आदल्या रात्री पायलटला फोन करा. तो म्हणाला, ‘उद्याचं काही खरं दिसत नाही, एक दिवस उशिरा या,’ तर त्याचं ऐका.