सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपन्या 'डायव्हर्सिटी' म्हणून मुलींना साइटवर घेतायत. साइट घ्यावी की डिझाइन ऑफिस?

साइट घे. पण मुलाखतीत पगाराच्या आधी संडासाचं विचार. हसू नकोस.

२०११ साली मी वाकडला एका बारा मजली इमारतीवर साइट इंजिनिअर म्हणून लागले. संडास एकच, ऑफिसच्या शेडमागे, आणि किल्ली स्टोअरकीपरकडे. मागितली की तो आधी घड्याळ बघायचा, मग मला. आठवडाभरातच मी सकाळी पाणी पिणं सोडलं. स्लॅबच्या दिवशी आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या रखडल्या की रात्रीचे अकरा वाजायचे. दोन महिन्यांत लघवीला जळजळ, वर ताप.

प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेले. "एका मुलीसाठी वेगळा संडास? बजेटमध्ये कुठे टाकू?" वर फुकटचा सल्ला, मुलींनी ऑटोकॅडवर बसावं, उन्हात कशाला रंग घालवायचा. (शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि पुढे पूल उभारले. त्यांच्या रंगाची चौकशी कुणी केली होती का?)

चिडून मी हजेरीचं बुक मागवलं. त्यात बायका नव्हत्याच. 'जोडी' होती. नवरा गवंडी, बायको बिगारी, दोघांची मिळून एक ओळ, एक अंगठा, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी आठ वाजता गेटवर उभी राहून मोजल्या. एकवीस! घमेली वाहणाऱ्या, वाळू चाळणाऱ्या, क्युरिंगला पाणी मारणाऱ्या. रोज त्यांच्या समोरून जात होते आणि घरी सांगत होते की साइटवर बाई म्हणून मी एकटीच. एक मावशी म्हणाली, "आमी पहाटं अंधारातच उरकून येतो मॅडम. दिवसा नाय."

तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात संडासाची सोय बंधनकारक होती. पन्नासहून जास्त बायका असतील तर पाळणाघरसुद्धा. पण जोडी लिहिली की पन्नास भरणार कशा?

मी साप्ताहिक मीटिंगच्या मिनिट्समध्ये एक ओळ घातली: 'महिला २१, संडास ०.' ती मालकाच्या सल्लागाराने वाचली. आठ दिवसांत सेंट्रिंगच्या जुन्या प्लायचे दोन संडास उभे राहिले. आतली कडी मी उभी राहून बसवून घेतली.

त्याच प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांचा यंदाचा महिला दिनाचा फोटो बघितला. गुलाबी हेल्मेट घातलेल्या चार ट्रेनी मुली, खाली समावेशकतेवर हातभर मजकूर. फोटोच्या कडेला घमेलं घेतलेली एक बाई, अर्धी कापली गेलेली.

तेव्हा हो म्हणायच्या आधी साइट दाखवा म्हण. संडासाची किल्ली कुणाकडे असते, रात्रीच्या काँक्रीटनंतर घरी सोडायला गाडी असते का, मुकादम बायकांची हजेरी वेगळी लिहितो का, एवढं बघ. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर डायव्हर्सिटी फक्त फोटोपुरती आहे.

मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच साइट आता सुधारल्यात, हे मान्य. डिझाइनचं मात्र मला विचारू नकोस, तिथे मी कधी बसलेच नाही. बाळंतपणानंतर मीही तीन वर्षं बिलिंगला होते, तेही सांगून टाकते.

आणि साहेब, तुम्ही वाचत असाल तर, त्या दोन संडासांचा खर्च 'किरकोळ'मध्ये बसला होता. बिल मीच तपासलं होतं.