आधी पैसे, मग खरेदी: प्रीपेड कार्डांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रीपेड कार्डांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांनी विचारलंय की कार्ड केवढ्याला पडतं. कार्ड काढण्याचा खर्च डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे तो फारसा फसवत नाही. फसवतात ते आत अडकलेले पैसे. म्हणून उत्तरांत भर आहे तो भरलेले पैसे परत कसे निघतात यावर.

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा आहे, शिकायला पुण्यात होस्टेलवर राहणार आहे. महिन्याला सहा हजार रुपये द्यायचे आहेत. मुलांसाठी अ‍ॅपवर मिळणारं प्रीपेड कार्ड घ्यावं की बँकेत खातं उघडावं? (एक पालक, कोल्हापूर)

आधी खातं उघडा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं उघडू द्यायला आणि चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना मोकळीक दिली. त्यात किती रक्कम ठेवता येईल आणि एटीएम कार्ड मिळेल का, हे ती ती बँक ठरवते. शाखेत विचारून घ्या. खात्यातल्या पैशांवर थोडं का होईना व्याज मिळतं, प्रीपेड कार्डातल्या शिलकीवर काहीच मिळत नाही.

कार्डच घ्यायचं तर ते कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. मोबाइल नंबर आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढ्यावर मिळणाऱ्या कार्डात एका वेळी १०,००० रुपयांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही. त्यातून फक्त खरेदी होते. रोख काढता येत नाही, दुसऱ्याला पाठवताही येत नाहीत. मेसवाले काका रोख मागणार असतील तर हे कार्ड खिशात असून नसल्यासारखं. पूर्ण केवायसीच्या कार्डात २ लाखांपर्यंत शिल्लक चालते आणि पैसे पाठवता येतात. कार्ड देणारी कंपनी बँक नसेल तर रोख एका वेळी २,००० आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंतच मिळते.

आता खर्च. समजा, कार्डाचे २०० रुपये आणि महिन्याचे २५ रुपये. पहिल्या वर्षाचे ५०० झाले. कार्ड हरवलं की नव्याचे पुन्हा पैसे. क्रेडिट कार्डावरून पैसे भरले तर बऱ्याच ठिकाणी वर शुल्क लागतं, म्हणून यूपीआय किंवा नेटबँकिंगनेच भरा. ‘वापर नसल्यास शुल्क’ अशी ओळ दरपत्रकात आहे का, तेही तपासा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा घरी असताना ती नेमकी लागू होते.

फायदा एकच, पण खरा: नुकसानीला कुंपण पडतं. कार्डाचा नंबर एखाद्या भुरट्या साइटवर गेला, तरी जातील ते कार्डात असतील तेवढेच. त्यासाठी महिन्याची रक्कम एकदम न भरता दर सोमवारी दीड हजार भरा.

तिसरा मार्गही आहे. यूपीआय सर्कलमध्ये तुमच्या खात्यावरून मुलाला खर्च करता येतो. प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी ठेवता येते, किंवा महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांच्या मर्यादेत पूर्ण मुभा देता येते. पैसे आगाऊ अडकत नाहीत. आमचं मत विचाराल तर खातं आणि यूपीआय सर्कल मिळून तुमचं काम भागेल.

प्रश्न: कंपनीने दिवाळीला ५,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं. १३७ रुपये उरलेत, ते कुठेच चालत नाहीत. (एक वाचक, ठाणे)

चालतात, पण मागावे लागतात. दुकानात कार्ड पुढे करून मोकळे होऊ नका. ३४० रुपयांच्या बिलावर ते घासलं की मशीन ‘पुरेशी रक्कम नाही’ म्हणून नाकारतं. कॅशियरला आधी सांगायचं, “या कार्डावरून १३७ घ्या, उरलेले २०३ यूपीआयने देतो.” त्याने मशीनवर १३७ टाकले की कार्ड शून्यावर येतं. ऑनलाइन खरेदीत बहुतेक साइट एका बिलाला दोन कार्डं घेत नाहीत. तिथे त्याच साइटचं १३७ रुपयांचं व्हाउचर घ्यायचं आणि पुढच्या बिलात वळतं करायचं. पोस्टपेड मोबाइलच्या बिलात अंशतः रक्कम भरता येत असेल, तर तोही रस्ता आहे.

बँका आणि परवानाधारक कंपन्या काढतात त्या गिफ्ट कार्डाची कमाल किंमत १०,००० रुपये. मुदत किमान एक वर्षाची, पुन्हा पैसे भरता येत नाहीत, रोखही मिळत नाही. नियमाप्रमाणे तुमच्या संमतीने पैसे ज्या खात्यातून आले तिथे परत जाऊ शकतात. पण ते खातं कंपनीचं, त्यामुळे तुमच्या हाती काही येणार नाही. एखाद्या दुकानाचं किंवा साखळीचं स्वतःचं, फक्त तिथेच चालणारं कार्ड मात्र रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत बसत नाही. त्याची मुदत पाकिटावर बघा.

प्रश्न: मेट्रोच्या कार्डात फोनवरून ५०० रुपये भरले, खात्यातून गेले, पण गेटवर ‘शिल्लक कमी’ दाखवतं. आणि कार्ड हरवलं तर काय? (एक वाचक, कांदिवली)

पैसे कुठे गेलेले नाहीत, ते चिपपर्यंत पोहोचलेले नाहीत. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात, म्हणजे मेट्रो-बसमध्ये चालणाऱ्या या प्रवासी कार्डात, शिलकीचे दोन कप्पे असतात. एक बँकेच्या सर्व्हरवर, दुसरा कार्डाच्या चिपमध्ये. मेट्रोचं गेट आणि बसमधलं मशीन सर्व्हरला विचारत बसत नाही. त्या घाईत तेवढा वेळच नसतो. ते थेट चिपमधून पैसे कापतं. फोनवरून भरलेले ५०० आधी पहिल्या कप्प्यात येतात. तिथून चिपमध्ये उतरवायला कार्ड एकदा तिकीट खिडकीवरच्या मशीनला लावून ‘बॅलन्स अपडेट’ करून घ्यावं लागतं. काही कार्डांच्या अ‍ॅपमध्ये हीच सोय फोनच्या एनएफसीने (टेकवलेलं कार्ड वाचणाऱ्या यंत्रणेने) होते. कार्ड फोनच्या पाठीला टेकवून पुरं होईपर्यंत हलवायचं नाही. मध्येच उचललं तर व्यवहार अर्धवट राहतो. तसं झालं तर पुन्हा भरणा करू नका, आधी खिडकीवर दोन्ही शिलका वाचून घ्या. खिडकीवर रोख देऊन भरणा केला तर तो थेट चिपमध्ये गेला ना, हे पावतीवर बघा.

दुसरी नेहमीची अडचण: आत जाताना कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना गर्दीत दुसऱ्याच्या मागून निसटलात, किंवा टॅप नीट लागला नाही. चिपवर प्रवास ‘चालू’च राहतो आणि दुसऱ्या दिवशी गेट उघडत नाही. तेही खिडकीवरच सुटतं, कधी दंड लागतो.

हरवल्याचं उत्तर कडू आहे. चिपमधल्या रकमेला पिन नसतो, त्यामुळे ती ज्याच्या हाती कार्ड पडेल त्याची. कार्ड बंद करायला सांगितलंत तर सर्व्हरवरची रक्कम वाचते, चिपमधली नाही. नियमात केवायसीशिवायच्या प्रवासी कार्डात ३,००० रुपयांपर्यंत ठेवायची मुभा आहे, पण तेवढे कशाला भरायचे? आठवड्याचा प्रवास भागेल एवढेच ठेवा. रोज ८० रुपये लागत असतील तर ५०० पुरे. या कार्डातली रक्कम रोख स्वरूपात परत मिळत नाही. शहर सोडण्याआधी प्रवासातच संपवा.

भाड्यातल्या सवलतीसाठी कार्ड घ्यावं का? महिन्याला वीस दिवस जाणाऱ्याला ५ टक्के सवलतीतही कार्डाची किंमत काही महिन्यांत वसूल होते. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याने फोनवर क्यूआर तिकीट काढावं.

प्रश्न: मुलीकडे जर्मनीला महिनाभर जातोय. १,५०० युरो लागतील. फॉरेक्स कार्ड स्वस्त की आपलं डेबिट कार्ड? (एक वाचक, सांगली)

हिशेब सोपा व्हावा म्हणून युरोचा बाजारभाव १०० रुपये धरू. आजचा खरा दर तुम्ही घाला.

डेबिट कार्डावर परकीय चलनाचा आकार अनेक बँकांत ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेलं प्रीपेड कार्ड. त्यावर असा आकार दिसत नाही, कारण तो दरातच मुरलेला असतो. बँक युरो १०२ ला देते असं धरा. १,५०० युरोंवर ३,००० रुपये इथेच गेले. चलन बदलण्यावरचा जीएसटी निराळा. पहिल्या लाखाच्या १ टक्का आणि त्यापुढच्या रकमेच्या अर्धा टक्का हे मूल्य धरून त्यावर १८ टक्के. दीड लाखाला मूल्य १,२५० आणि कर २२५ रुपये. बँक दीड लाखाऐवजी १,५३,००० वर मोजेल, दोन-तीन रुपयांचा फरक पडेल. कार्डाचे ३०० अधिक जीएसटी, ३५४. एकूण साधारण ३,५८०.

आता परतताना २०० युरो उरले. ते बँक ९७ ला घेते. बाजारभावापेक्षा ६०० रुपये कमी, आणि पुन्हा किमान ४५ रुपये जीएसटी. फॉरेक्स कार्डाचा खर्च ४,२२५ वर गेला. डेबिट कार्डावर उरण्याचा प्रश्नच नाही, १,३०० युरोच खर्च झाले, त्याचे ४.१३ टक्के म्हणजे ५,३६९. फॉरेक्स कार्डाने वाचले सुमारे ११५०. तेही अंदाज बरोबर ठरला तर. ५०० युरो परत आणलेत तर फॉरेक्स कार्डच सुमारे हजार रुपयांनी महाग पडतं. म्हणून १,००० युरो भरून निघा. कमी पडले तर तिथून तुम्हीच अ‍ॅपवरून भरा, आणि डेबिट कार्ड आधाराला ठेवा. त्यावर परदेशातला वापर निघण्यापूर्वी सुरू करायला विसरू नका.

पैसे कुठे गळतात ते असं:

युरो भरलेलं कार्ड घेऊन स्वित्झर्लंडला फिरायला गेलात तर तिथे फ्रँक चालतो. युरोतून फ्रँक करताना २ ते ३.५ टक्के पुन्हा कापले जातात. तेवढे फ्रँक कार्डावर वेगळे भरा.

दुकानातलं मशीन किंवा एटीएम विचारेल, रुपयांत की युरोत? नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की तिथल्या मशीनवाल्याचा महागडा दर लागतो.

हॉटेलच्या आणि भाड्याच्या गाडीच्या अनामतीला हे कार्ड देऊ नका. अनामत म्हणून अडवलेले ३०० युरो सुटायला आठवडे लागू शकतात, आणि तोवर कार्ड तेवढं रिकामं. अनामतीला क्रेडिट कार्ड चांगलं.

एटीएमवर दर वेळी ठरावीक आकार असतो, म्हणून पन्नास-पन्नास युरो चार वेळा काढण्यापेक्षा दोनशे एकदाच काढा.

परतल्यावर उरलेलं परकीय चलन १८० दिवसांत विकायचं असतं. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवायला मुभा आहे. पर्यटनासाठी एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या आत रक्कम असेल तर टीसीएसची (परदेशी रकमेवर बँक आगाऊ घेते त्या कराची) चिंता नाही. आणि हे कार्ड भारतात, नेपाळमध्ये किंवा भूतानमध्ये चालत नाही.

प्रश्न: फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का? महिन्यातून दोनदा पुण्याहून मुंबईला जातो. (एक वाचक, पुणे)

एक्स्प्रेसवेनेच जात असाल तर नको. हा पास राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांसाठी आहे. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या अखत्यारीत येतात, तिथे टोल नेहमीसारखाच कापला जातो. पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पैसे परत मिळत नाहीत. सरासरी ८० रुपयांचा नाका धरला तर ३८ नाके ओलांडल्यावर तो वसूल होतो. सातारा-कोल्हापूरकडे नेमाने जाणाऱ्याला परवडेल.

प्रश्न: कार्ड काढणारी कंपनीच बंद पडली, किंवा कोणी पैसे लंपास केले तर? (एक वाचक, नागपूर)

बँक नसलेल्या कंपनीला ग्राहकांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला स्वतःसाठी वापरता न येणाऱ्या खात्यात, ठेवावे लागतात. पण बँक ठेवींना मिळणारं ५ लाखांचं विमासंरक्षण तुम्हाला तिथे मिळत नाही. बंदी आली तर काय होतं, ते २०२४ मध्ये दिसलं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानंतर १५ मार्चपासून पेटीएम पेमेंट्स बँकेच्या वॉलेट, फास्टॅग आणि मोबिलिटी कार्डांत नवे पैसे भरणं थांबलं. असलेली शिल्लक वापरता येत होती.

चोरी झाली तर घड्याळ महत्त्वाचं. चूक ना तुमची ना कंपनीची, असा व्यवहार असेल आणि तुम्ही संदेश आल्यापासून तीन दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलंत तर दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या माथी. त्यानंतर कंपनीचं धोरण सांगेल ते. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. म्हणून आधी अ‍ॅपवर कार्ड बंद करा, कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्या, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. ३० दिवसांत कंपनीने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. सोबत तक्रार क्रमांक आणि व्यवहाराचा संदेश जोडा.