बुवांच्या गळ्यातली गाठ

प्रश्न : डॉक्टर, वय ६४. तीस वर्षं भजनं करतो, डबलबारीला उभा राहतो. गेल्या गणपतीत दाढी करताना उजव्या जबड्याखाली गाठ लागली. कोल्हापुरात एमआरआय झाला. कॅरोटिड बॉडी ट्यूमर, म्हणजे मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या फाट्यावरची गाठ, २१ मिमी. सर्जन म्हणाले, घाई नको, लक्ष ठेवू. नऊ महिन्यांनी मुंबईला मुलाकडे होतो, तिथे पुन्हा केला तर २३ मिमी. शेजारी म्हणतात, ‘बुवानू, काढून टाका मरे ती.’ पण ऑपरेशनात आवाज गेला तर? माझ्या चुलत्यांनाही गळ्याला अशीच गाठ होती. दोन्ही रिपोर्टांच्या झेरॉक्स सोबत आहेत.
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : बुवा, झेरॉक्स पाठवल्यात हे फार बरं केलंत. कोल्हापूरचे २१ मिमी ही गाठीची आडवी रुंदी आहे, मुंबईचे २३ ही उभी लांबी. एकाने होडीची रुंदी मोजली, दुसऱ्याने लांबी, आणि घरात रडारड की होडी वाढली! त्यात एमआरआय चित्रं कापाकापाने घेतो; कोल्हापूरचे काप ५ मिमी जाडीचे, मुंबईचे ३. अशाने एकदोन मिमी इकडेतिकडे होतातच.

तेव्हा दोन्ही सीड्या एकाच रेडिओलॉजिस्टपुढे ठेवा आणि एकाच दिशेने मोजून घ्या. (आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी चढलेल्या सीड्या मी पुष्कळ पाहिल्यात, पेनड्राइव्हवर प्रत काढून ठेवा.) यापुढेही तुलना दरवेळी पहिल्या एमआरआयशी करायला सांगा. फक्त मागच्याशी केली तर मिलिमीटरभराची वाढ दर वर्षी ‘फरक नाही’ म्हणून निसटते.

या गाठी सावकाश वाढतात. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी २००० साली मांडलेला हिशेब वर्षाला साधारण १ मिमी, आकारमान दुप्पट व्हायला सुमारे ४ वर्षं असा आहे. कित्येक तर वाढल्याच नाहीत. पण दोन मिमी म्हणजे काहीच नाही, असंही समजू नका. व्यास खरोखर २१चा २३ झाला, तर आकारमान तीस टक्क्यांनी वाढतं.

आवाजाची भीती खरी आहे. आवाजाची, गिळण्याची, जिभेची नस गाठीला खेटून जाते. गाठ मोठी झाली की त्या वाचवणं आणखी अवघड, म्हणून तर हे मोजमाप. बारीनंतर बसतो तो आवाज निराळा; तीन आठवडे झाले तरी सुटत नाही, पाणी पिताना ठसका लागतो, जीभ एकीकडे वळते, असं काही झालं तर तारखेची वाट बघू नका. गाठीला तेल चोळणं बंद. सुई घालून तपासू म्हणणाऱ्यालाही आधी रिपोर्ट दाखवा. ही गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असते.

चुलत्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबलो. या गाठी काही घराण्यांत चालत येतात. त्यांतला एसडीएचडी नावाच्या जनुकातला दोष वडिलांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर बहुधा होत नाहीत. जनुकाची तपासणी करून घ्या आणि रक्तातली मेटानेफ्रिन्सही (अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणारी द्रव्यं; अशा काही गाठी ती संप्रेरकं सोडतात) बघा, ती आताच. दोष सापडला तर मुलालाही तपासायला हवं.

पुढचा एमआरआय मुंबईच्याच मशीनवर, तसेच ३ मिमीचे काप मागून. मुलगा गणपतीला गावी येईलच. बाऱ्या उरका आणि परत जाताना त्याच्याबरोबर जा.