‘आद्य वैमानिक’, ‘पहिले वैमानिक’ की आणखी काही?

प्रश्न असा आहे: शाळेच्या ग्रंथालयात उड्डाणाच्या इतिहासातल्या मोठ्या माणसांचा फलक लावायचा आहे. मोंगोल्फिए बंधू, लिलिएन्थाल, राइट बंधू, अमेलिया इअरहार्ट, जेआरडी टाटा आणि कॅप्टन सौदामिनी देशमुख ही नावे ठरली आहेत. वर ‘आद्य वैमानिक’ असे शीर्षक चालेल का? ‘वैमानिक’ बरा की ‘विमानचालक’? आणि स्त्रियांसाठी ‘वैमानिका’ लिहायचे का?

‘आद्य वैमानिक’ हे शब्द देखणे आहेत, पण या यादीच्या डोक्यावर बसत नाहीत. मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा बलून तयार केला. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये त्यात बसून दोर न बांधता उडाले ते पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद, बंधू नव्हेत. शिवाय बलूनमधून उडणाऱ्याला मराठीत कोणी वैमानिक म्हणत नाही. लिलिएन्थाल स्वतः उडाले, पण बिनइंजिनाच्या ग्लायडरवर. ‘प्रणेते’ म्हणावे तर तो शब्द एखाद्या गोष्टीची सुरुवात करून देणाऱ्याचा, म्हणजे १९८५ मध्ये विमान चालवणाऱ्या देशमुखांना लागू पडत नाही. ‘उड्डाणविद्येचे अग्रणी’ हे शीर्षक मात्र सगळ्यांना सामावून घेते. अग्रणी म्हणजे पुढे चालणारा, मग त्याने यंत्र बनवले असो वा चालवले असो.

आता ‘वैमानिक’. शब्द घडला आहे तो ‘विमान’ला ‘इक’ प्रत्यय लागून. हा प्रत्यय लागताना पहिल्या स्वराची वृद्धी होते: दिन–दैनिक, वेद–वैदिक, इतिहास–ऐतिहासिक, तसेच विमान–वैमानिक. म्हणून ‘विमानिक’ चूक. ‘विमान’ शब्द यंत्राच्या कितीतरी आधीचा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘व्योमयानं विमानोऽस्त्री’ असे देवांच्या आकाशयानासाठी आले आहे, आणि तुकोबांना वैकुंठाला नेणारे विमान आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. जैन परंपरेत देवांच्या चार वर्गांपैकी एकाचे नावच ‘वैमानिक’ आहे. तिथे अर्थ विमान चालवणारे असा नसून विमानांत राहणारे असा आहे. यंत्र आले तेव्हा तयार शब्द हाताशी होता, आपण तो चालवणाऱ्याला दिला.

‘वैमानिक’चा दुसरा अर्थ ‘विमानासंबंधीचा’. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथनामात तो विशेषणच आहे. हा ग्रंथ प्राचीन म्हणून सांगितला जातो. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तो तपासला आणि तो विसाव्या शतकातला असल्याचे, शिवाय त्यात वर्णिलेली याने उडू शकत नसल्याचे दाखवले. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याच्या कथेलाही भक्कम समकालीन पुरावा नाही. फलक मुलांसाठी आहे. त्यावर सिद्ध झालेलेच जावे.

‘विमानचालक’ चुकीचा नाही. अर्थ ऐकताक्षणी कळतो, हा त्याचा गुण. पण तो बसचालक, रिक्षाचालक यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि ‘सह’ लागला की ‘सहविमानचालक’ असा लांबलचक होतो. ‘सहवैमानिक’ सुटसुटीत आहे, वर्तमानपत्रांत रुळलेलाही आहे. बोलताना आपण सगळेच ‘पायलट’ म्हणतो. लिहिताना मात्र आजूबाजूचा संदर्भ हवा, कारण मंत्र्यांच्या ताफ्यापुढे धावते तीही पायलट गाडी, आणि गोव्यात पायलट म्हटले की पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन नाक्यावर उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो.

स्त्रीलिंगाचे म्हणाल तर संस्कृत नियमाने ‘वैमानिकी’ होईल, ‘वैमानिका’ नव्हे. पण मराठीत यांत्रिकी, सांख्यिकी, भौतिकी ही शास्त्रांची नावे आहेत, त्यामुळे ‘वैमानिकी’ वाचले की विमानविद्या आठवते. तेव्हा ‘वैमानिक’ दोन्ही लिंगी ठेवावा: तो वैमानिक, ती वैमानिक. अडते ते विभक्तीत. ‘त्या वैमानिकाने विमान उतरवले’ यात स्त्री दिसत नाही, ‘वैमानिकेने’ कानाला खटकते. वाट सोपी आहे. नाव आणि पद घ्या, विभक्ती ‘यांनी’वर सोपवा: ‘कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कलकत्ता–सिलचर मार्गावर केवळ महिलांचा चमू असलेल्या विमानाचे नेतृत्व केले.’ इथे ‘महिला वैमानिक’ लिहायचीही गरज उरत नाही.

फलकावर सर्वांत जास्त चुका होतात त्या ‘पहिला’ या शब्दाने. ‘आद्य’ आणि ‘पहिला’ यांचे वजन वेगळे. आद्य क्रांतिकारक, आद्य पत्रकार असे म्हणताना आपण आदर व्यक्त करतो, ज्यांच्यापासून परंपरा सुरू झाली ते हे, असे सांगतो. ‘पहिला’ हा मोजणीचा शब्द आहे. तो लिहिला की ‘कशात पहिला?’ याचे उत्तर त्याच वाक्यात द्यावे लागते.

‘जेआरडी टाटा हे पहिले भारतीय वैमानिक’ हे वाक्य सर्रास दिसते, आणि ते चूक आहे. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढाऊ विमान चालवत होते आणि त्याच वर्षी २२ जुलैला धारातीर्थी पडले. जेआरडींना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला तो ‘भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना’. ‘भारतात दिला गेलेला’ हे तीन शब्द गाळले की दुसऱ्या एका वीराचा मान जातो. टपालाचेही तसेच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उड्डाण केले. पुढे मद्रासपर्यंत विमान नेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. ही टाटांच्या टपाल विमानसेवेची सुरुवात, भारतातल्या हवाई टपालाची नव्हे. भारतात विमानातून पहिल्यांदा टपाल गेले ते १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादहून नैनीला, आणि ते नेले आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने.

अटलांटिकबाबत विशेषणे आणखी जपून लावावीत. न थांबता पहिल्यांदा तो ओलांडला अल्कॉक आणि ब्राउन यांनी, जून १९१९ मध्ये. लिंडबर्ग यांचे मे १९२७ चे उड्डाण ‘एकट्याने, न थांबता’ केलेले पहिले. अमेलिया इअरहार्ट १९२८ मध्ये विमानाने अटलांटिक ओलांडणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या, पण प्रवासी म्हणून. ‘अटलांटिक एकटीने ओलांडणारी पहिली वैमानिक’ हे बिरूद मे १९३२ चे, आणि फलकावर तेच यावे. या वाक्यात ‘पहिली’ अगदी ‘वैमानिक’ला चिकटून आहे, त्याची कक्षा ठरवणारे शब्द तिच्या आधी आहेत. मराठीत हाच क्रम ठेवावा. ‘पहिली एकटीने अटलांटिक ओलांडणारी’ लिहिले की वाचणारा अडखळतो.

राइट बंधूंसाठी ‘पहिले उड्डाण’ एवढे पुरत नाही, कारण त्यांच्याआधी बलून आणि ग्लायडर दोन्ही उडाले होते. ‘हवेपेक्षा जड यंत्राचे, इंजिनाच्या बळावर केलेले पहिले नियंत्रित उड्डाण’ असे लिहावे. तारीख १७ डिसेंबर १९०३. सकाळी ऑर्व्हिल १२ सेकंदांत १२० फूट गेले; त्याच दिवशीच्या चौथ्या खेपेत विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट. फलकावर दोन्ही आकडे द्या, एका दुपारपर्यंत किती मजल मारली ते मुलांना दिसेल.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. विमान जमीन सोडते तेव्हा ‘उड्डाण घेते’, हवेतून जाते ते ‘उड्डाण करते’. ‘उड्डाण भरले’ हे हिंदीतून आले आहे, ते टाळावे. भरारी मात्र आपण घेतो किंवा मारतो. आणि शब्द ‘उड्डाण’ असा, शेवटी ण. रंगाऱ्याला मजकूर देताना ‘ड्ड’ मोठ्या अक्षरात वेगळा काढून द्या, घाईत एक ड हमखास गळतो.