देशी ती ‘दारू’, विदेशी ते ‘मद्य’

प्रश्न असा आला आहे : बाटली महाराष्ट्रातच भरली जाते, मग कागदोपत्री ती ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ कशी? भारतीय असेल तर विदेशी कशाला?

इथे ‘विदेशी’ हा शब्द गाव सांगत नाही, धाटणी सांगतो. व्हिस्की, रम, जिन, व्होडका हे बाहेरून आलेले प्रकार. ते इथे बनवले तरी कायद्याच्या भाषेत विदेशीच. आपल्याकडची बरीचशी रम उसाच्या मळीतून निघते आणि संत्रा छापाची देशीही मळीतूनच. दोघींचं माहेर साखर कारखान्याच्या आवारातलं, पण नाव वेगळं म्हणून करही वेगळा.

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जी करवाढ केली तीत हे स्पष्ट दिसतं. लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या विदेशी मद्यावरचं शुल्क त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. देशीचं शुल्क प्रूफ लिटरला (म्हणजे ठरलेल्या तीव्रतेच्या हिशेबाने मोजलेल्या लिटरला) १८० वरून २०५ रुपये झालं. बिअर आणि वाइनला हात लावला नाही. शिवाय धान्यापासून बनणाऱ्या आणि फक्त राज्यातल्या उत्पादकांनाच काढता येणाऱ्या मद्याचा नवा वर्ग आला. १८० मिलीची किमान किंमत देशीला ८०, नव्या वर्गाला १४८, विदेशीला २०५ रुपये. स्थानिक उत्पादकांना बाजारात जागा करून द्यायची होती, ती एका नव्या नावाने करून दिली. नाव कुणी ठेवायचं, हाच या करातला राजकारणाचा भाग.

नावाची ही ताकद गोव्याने ओळखली. तिथे फेणी कायद्याने ‘देशी दारू’त मोडत होती. २०१६ मध्ये अबकारी कायदा बदलून तिला वारसा पेयाचा दर्जा दिला.

दुकानांच्या पाट्याही वाचा. गरिबाच्या दुकानावर ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’, दुसऱ्यावर ‘विदेशी मद्य विक्री’. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. तो शब्द आपण रोजंदारीवाल्याच्या पदरात टाकला आणि संस्कृत ‘मद्य’ पगारदाराला दिलं. हा दुजाभाव मला खटकतो.

त्याहून जास्त खटकतं ते नव्या वर्गाचं नाव. मराठी राज्याच्या मंत्रिमंडळाने त्याचं बारसं ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असं केलं! ‘भारतीय बनावटीचे’ हा साचा हाताशी होताच, ‘महाराष्ट्र बनावटीचे धान्यमद्य’ म्हणायला काहीच अडचण नव्हती.