धान्य असूनही उपासमार का झाली?

प्रश्न : आयर्लंडच्या दुष्काळात फक्त बटाट्याचे पीक बुडाले होते, असे वाचले. मग लाखो माणसे मेली कशी? आणि दुष्काळ सरल्यावरही लोक देश का सोडत राहिले?

उत्तर : आपण नेमक्या मर्मावर बोट ठेवले आहे. १८४५ साली करपा पडला आणि बटाटा जमिनीतच कुजला; पुढच्या वर्षी तर जवळजवळ सगळे पीक हातचे गेले. लहान कुळे ओट पिकवत ती जमीनदाराचा खंड भरण्यासाठी, आणि स्वतःचे पोट भरत ती बटाट्यावर. ओट खाल्ले तर खंड थकणार आणि खंड थकला की घरावरचे छप्पर उतरवून कुटुंबाला रस्त्यावर काढणार, अशा कोंडीत ती सापडली. बंदरांतून ओट, लोणी आणि जनावरे बाहेर जातच राहिली. बाहेरून मका आला, पण तो विकत घ्यायला गाठीशी पैसा नव्हता.

१८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपगृहांतून रोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळत होते, म्हणजे ते पोहोचवणे शक्य होते. तरीही काही महिन्यांतच ही केंद्रे बंद केली गेली, आणि हा निर्णय मला सर्वांत अक्षम्य वाटतो. त्याच वर्षीच्या कायद्याने, पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याने ती सोडल्याखेरीज त्याला मदत मिळेनाशी झाली. दक्षिण आयर्लंडमधल्या स्किबरीन गावाच्या परिसरात तर तळाला बिजागऱ्या असलेली शवपेटी वापरली जाई. प्रेत खड्ड्यात सोडायचे आणि तीच पेटी पुढच्या मृतासाठी परत न्यायची.

सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच परदेशी गेली. १८४१ च्या जनगणनेतली जवळजवळ ८२ लाखांची लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. जहाजांतही टायफस या जीवघेण्या तापाने गाठलेच. कॅनडातील ग्रोस ईल बेटावर एकट्या १८४७ मध्ये पाच हजारांहून अधिक स्थलांतरितांना पुरावे लागले.

पुढील काळातल्या स्थलांतराचे मूळ शेतीच्या वाटणीत आहे. दुष्काळापूर्वी जमिनीचे तुकडे मुलांमध्ये वाटले जात. नंतर ती बहुधा एकाच मुलाकडे राहू लागली, आणि बाकीच्या भावंडांना अमेरिकेतून आधी गेलेल्या बहिणीने किंवा भावाने पाठवलेल्या तिकिटाचाच आधार उरला. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमत, मृताच्या उशाशी जागावे तशी रात्र जागवत आणि आया आक्रोश करत. या रात्रीला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. गेलेले मूल पुन्हा दिसणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.