हाड जास्त वाढलंय म्हणजे माणूस ओझी वाहणारा होता असं लगेच लिहू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एमएच्या प्रबंधाला मिळालेला एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा, उजव्या दंडावर, टाचेवर, कंबरेच्या हाडाच्या कडेला सगळीकडे हाडाचे काटे आलेले, आणि गाईड म्हणतात 'जड ओझी वाहणारा होता असं लिहून टाक'. थांबा जरा. मी हेच लिहिलं होतं, चाळीस पानं.

वय-लिंग कसं काढायचं, जुनी मोड आणि खोदताना झालेली मोड यातला फरक वगैरे तुम्हाला येतच असणार, त्यात जात नाही.

माझी चूक सांगते. स्टोअरमध्ये हाडं प्रकारानुसार ट्रेमध्ये लावलेली होती, दंडाची एका ट्रेमध्ये, मांडीची दुसऱ्यात, म्हणून मीही तशाच वह्या केल्या. दंडाची वही, मांडीची वही, गुडघ्याच्या वाटीची वही. प्रत्येक ठिकाणी टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) चिकटते तिथे हाड किती वाढलंय त्याचे आकडे, आणि मग 'दंडावर वाढ जास्त, म्हणजे दळण, कांडण, नांगर' असा एक सरळ निष्कर्ष. दफनाचा नंबर प्रत्येक ओळीत लिहिलेला होता पण त्या नंबरानं ओळी एकत्र लावाव्यात हे सुचलंच नाही. सुचलं ते टायपिंगला द्यायच्या आदल्या आठवड्यात. लावून बघितलं तर सगळे मोठे आकडे त्याच पाच-सहा माणसांचे. खांदा तोच, कोपर तोच, गुडघ्याची वाटी तीच, कंबरेची कडसुद्धा तीच. असं कुठलं काम आहे हो की जे शरीराचा प्रत्येक टेंडन सारखाच राबवतं आणि शेजारच्या माणसाला हातही लावत नाही?

ज्युलिएट रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सांगाड्यांवरच हे दाखवलं होतं, की ज्याच्या सांध्यांच्या कडेला हाड वाढतं त्याच्याच टेंडन आणि लिगामेंटच्या (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याच्या) जागीही वाढतं. म्हणजे काही माणसं मुळात हाड जास्त बनवणारीच असतात. आपल्याकडे घराघरात बघा, 'टाचेचं हाड वाढलंय' म्हणून ऑर्थोपेडिककडे जाणारी एक मावशी असतेच. माझी आई आणि मावशी दोघींनी आयुष्यभर सारखीच घरकामं केली, मावशीच्या एक्स-रेत टाचेला काटा, गुडघ्याला काटा, मानेतही वाढ, आणि आईचा एक्स-रे स्वच्छ. (हा पुरावा नाही, फक्त समजायला सांगितलं.) वय वाढलं की हे सगळं वाढतंच, ते आधी वजा करा.

याचंच टोक म्हणजे डिश (DISH, डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरोस्टोसिस), मणक्यांवर आणि इतरत्र जास्तीचं हाड बनण्याचा विकार. फोरेस्टिए आणि रोतेस-केरोल यांनी १९५० मध्ये वर्णन केलं, आणि रेझनिक-निवायामांचे १९७६ चे निकष अजून वापरतात: सलग किमान चार मणके पुढून-बाजूनं हाडानं जोडलेले, पण मधल्या चकतीची जागा शाबूत आणि कंबरेचा सॅक्रोइलिॲक सांधा (माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कंबरेचं हाड यांमधला) मोकळा. तो सांधा आतून जुळलेला असेल तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा (मणके जखडवणाऱ्या संधिवाताचा) विचार करा, दोन्हींत घोळ नको. आणि डिशचा संबंध कष्टाशी नाही, उलट हल्लीच्या रुग्णांत तो लठ्ठपणा आणि मधुमेहासोबत येतो. जुन्या सांगाड्यांतले आजार अभ्यासणारे टोनी वॉल्ड्रन यांना १९८५ मध्ये लंडनच्या मर्टन प्रायरीत तो दिसला, म्हणजे मठातल्या माणसांत, हमालांत नव्हे.

मग मला मणके बघणं भाग होतं, कारण पहिल्या वेळी ते मी 'तुटके' म्हणून सोडून दिले होते. इथे माझे आठ महिने गेले. ज्या ऑफिसच्या ताब्यात ते खोकं होतं (नाव घेत नाही) त्यांचं म्हणणं, तुमच्या मूळ अर्जात हातापायाची हाडं लिहिलीत, मणके नाही, नवीन अर्ज करा. नवीन अर्ज केला तर जुनी परवानगी आधी रद्द करा म्हणे. ज्यांची सही हवी ते नेहमी मीटिंगमध्ये. पावसाळ्यात रेनकोट निथळत त्या बाकावर मी किती दिवस बसले असेन आणि मला कोणीही एकदासुद्धा नीट उत्तर दिलं नाही. अजून आठवलं की त्रास होतो. म्हणून सांगते, पहिल्याच अर्जात 'संपूर्ण सांगाडा, मणके, बरगड्या व एक्स-रेसह' असं लिहा, नंतर काही वाढवता येत नाही.

शेवटी दोन दिवस मिळाले. 'मणके, तुटके, इतर' अशी चिठ्ठी, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुकडा, पाठीचे चार मणके एकसंध. उजव्या बाजूनं बोट फिरवलं तर मेणबत्तीचं मेण ओघळून गोठावं तसा हाडाचा पट्टा वरून खालपर्यंत, चकतीच्या जागी जरा फुगलेला. डावी बाजू मात्र स्वच्छ, कारण तिथे महाधमनी असते आणि तिच्या ठोक्यांमुळे तिकडे हाड धरत नाही असं मानतात. आणि तो कोण? माझ्या चाळीस पानांतला सगळ्यात 'कष्टाळू' माणूस.

तर तुमच्यासाठी: आधी एक माणूस एक ओळ अशी शीट करा. मग डावं-उजवं बघा. दोन्हीकडे सारखं आणि सगळीकडे असेल तर तो हाड बनवणारा माणूस धरा. एकाच हाताला, एकाच जागी असेल तर कामाबद्दल बोला, तेही 'शक्यता' म्हणूनच. माझं स्पष्ट मत आहे की हाडाच्या काट्यावरून कुंभार, नावाडी, धनुर्धर काढणं थांबवायला हवं. गाईडना पटणार नाही कदाचित, पण बाहेरचे परीक्षक विचारतात.

आणखी एक, 'वाढ नाही' आणि 'हाडच नाही' हे वेगळं लिहा. आपल्या इनामगावला (पुणे जिल्ह्यातली ताम्रपाषाण काळातली वस्ती, डेक्कन कॉलेजचं उत्खनन, १९६८ ते १९८३) बऱ्याच प्रौढ दफनांत घोट्याखालचे पाय तोडलेले आहेत, म्हणजे टाचेचा काटा बघायला टाचच नाही. तिथे शून्य भरलं तर सगळी सरासरी खोटी होते. तिथली बहुतेक दफनं लहान मुलांची, त्यामुळे थोड्याशा प्रौढांवर टक्केवारी काढण्यातही अर्थ नाही.

स्वच्छ करायचं विचारलंत, तर डेंटल पिक (दातांच्या डॉक्टरांचं टोकदार हत्यार) लांब ठेवा. आपल्या काळ्या मातीत हाडावर चुनखडीचा थर बसतो आणि तो अगदी नव्या हाडासारखा दिसतो, खरवडलं तर दोन्ही जातं. आधी भिंगाखाली बघा. पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, जुलैच्या दमटपणात शाई फुटते.

मी डॉक्टर नाही आणि आता या क्षेत्रात नोकरीही करत नाही, तेव्हा हाडांचा एखादा रेडिओलॉजिस्ट गाठून एक्स-रे दाखवाच. तोवर पाठीच्या मणक्यांचा उजव्या बाजूचा फोटो इथे टाका, फ्लॅश बंद करून, बाजूनं टॉर्चचा उजेड पाडून, मोजपट्टी शेजारी ठेवून. आणि सॅक्रोइलिॲक सांध्याचाही एक. मी रात्री बघते.